नजर कुठे शिकते?

तीन महिन्यांचं बाळ नुकतं मान धरू लागलेलं असतं. बोलणं दूरच, पालथं पडणंही अजून जमत नाही. पण गोऱ्या घरात वाढणाऱ्या अशा बाळासमोर दोन अनोळखी माणसांचे फोटो शेजारी शेजारी धरले, एक गोरा आणि एक आफ्रिकी, तर ते गोऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ टक लावून बघतं. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००५ साली सेकंद मोजून हे दाखवून दिलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळांनाही त्यांनी तसेच फोटो दाखवले होते. त्या तान्ह्यांना मात्र सगळे चेहरे सारखेच वाटले, कुणाकडे जास्त बघणं नाही की कमी नाही. मधल्या तीन महिन्यांत बाळाला कुणी काही पढवलं नव्हतं. दूध पाजणारा, न्हाऊ घालणारा, पाळण्यावर वाकून बघणारा जवळपास प्रत्येक चेहरा एकाच तऱ्हेचा होता, एवढंच.

पुढच्याच वर्षी इस्रायलमधल्या संशोधकांनी यावर कडी केली. त्यांनी तीन महिन्यांच्या बाळांचे तीन गट घेतले. इस्रायलमधली गोरी बाळं गोऱ्या चेहऱ्यांवर रमली, इथिओपियातली बाळं आफ्रिकी चेहऱ्यांवर. तिसरा गट इथिओपियातून इस्रायलमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबांतल्या बाळांचा होता. ही कुटुंबं ज्या निवासांत राहत होती तिथे बाळाच्या अवतीभवती दोन्ही तऱ्हेचे लोक वावरत होते. या बाळांनी दोन्ही फोटोंकडे सारखाच वेळ बघितलं.

पाळण्यात लागलेली ही सवय आयुष्यभर तशीच राहते का? तर तसंही नाही. कोरियात जन्मलेली आणि तीन ते नऊ वर्षांची असताना फ्रेंच कुटुंबांत दत्तक गेलेली काही माणसं मोठी झाल्यावर पॅरिसमधल्या संशोधकांनी शोधून काढली. एकदा दाखवलेला चेहरा पुन्हा ओळखायचा, एवढीच परीक्षा. फ्रान्सला मोठेपणी आलेले कोरियन लोक अपेक्षेप्रमाणे आशियाई चेहरे जास्त चांगले ओळखत होते. दत्तक गेलेल्या मंडळींचं नेमकं उलट. आरशात रोज कोरियन चेहरा बघणाऱ्या या माणसांना गोरे चेहरे जास्त सहज ओळखता येत होते, अगदी जन्माने फ्रेंच असलेल्या माणसांना येतात तसे. शाळेच्या वर्गाने आणि गल्लीतल्या सवंगड्यांनी त्यांची नजर नव्याने घडवली होती.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे मणिपूर, नागालँड, मिझोराममधली मुलं येतात, काही आफ्रिकी देशांतलीही येतात. ‘मॅडम, हे सगळे सारखेच दिसतात’ हे वाक्य वर्षाच्या सुरुवातीला हमखास कानावर पडतं. कोरियन दत्तक मुलांचा प्रयोग वाचल्यापासून मी ते वाक्य वेगळ्या कानाने ऐकते. डोळ्यांना सराव नसेल तर चेहऱ्यांतले बारकावे खरोखरच सुटतात, आणि मणिपुरी मुलीलाही पहिल्या आठवड्यात आमचे जोशी, शिंदे, कांबळे एकाच साच्यातले वाटतात. एवढ्याने कुणी कुणाचा द्वेष करत नाही. ‘सारखे दिसतात’चं ‘सारखे असतात’ होतं तेव्हा मात्र काळजीचं कारण असतं. मग एकाच्या उशिरा येण्यावरून सगळे आळशी ठरतात, भाड्याने खोली बघायला गेलेल्या मुलाला ‘तुमच्या लोकांना देत नाही’ असं ऐकावं लागतं. नजरेच्या सवयीत आता समाजाने आयतं पुरवलेलं मत मिसळलेलं असतं, आणि ते मिसळल्याचा आपल्याला पत्ताही नसतो.

हा पत्ता लावण्याची एक युक्ती १९९८ मध्ये सिअ‍ॅटलच्या मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केली. कॉम्प्युटरसमोर बसायचं, डाव्या हाताचं बोट एका कळीवर, उजव्या हाताचं दुसऱ्या कळीवर. पडद्यावर एकामागून एक चेहरे आणि शब्द येत राहतात. आधी नियम असा, की गोरा चेहरा किंवा ‘आनंद’, ‘प्रेम’ यांसारखा चांगला शब्द आला तर डावी कळ; काळा चेहरा किंवा ‘वेदना’, ‘दुष्ट’ यांसारखा वाईट शब्द आला तर उजवी. बोटं भराभर चालतात. मग चेहऱ्यांची अदलाबदल होते. आता काळा चेहरा आणि ‘आनंद’ एका कळीवर, गोरा चेहरा आणि ‘वेदना’ दुसरीवर. काम तेवढंच, कळा त्याच, पण बोटं अडखळू लागतात. चुकलं की लाल फुली उमटते. प्रत्येक उत्तराला शंभर-दोनशे मिलिसेकंद जास्त लागतात. डोळ्याची पापणी लवायलाही याहून फार वेळ लागत नाही, पण यंत्र तो फरक टिपतं. मनात ज्या दोन गोष्टींची आधीच जोडी जमलेली असते त्यांना एक कळ पुरते. जी जोडी जमलेली नाही ती जुळवायला वेळ लागतो.

या चाचणीची पहिली फेरी फुलं आणि किडे यांच्यावर घेतली होती. फूल आणि ‘चांगलं’ पटकन जुळलं, किडा आणि ‘चांगलं’ जुळेना. दुसऱ्या फेरीत अमेरिकेत राहणारे जपानी वंशाचे आणि कोरियन वंशाचे विद्यार्थी होते. दोघांनाही आपल्या आडनावांशी चांगले शब्द जुळवणं सोपं गेलं, दुसऱ्यांच्या आडनावांशी अवघड. एकच यंत्र, एकच शब्द, आणि निकाल एकमेकांच्या विरुद्ध. ज्या विद्यार्थ्याची आपल्या समाजाशी, भाषेशी नाळ जास्त घट्ट, त्याचा कल जास्त ठळक.

ग्रीनवाल्ड यांच्या विद्यार्थिनी आणि पुढे या कामातल्या त्यांच्या जोडीदार म्हणजे महजरीन बानाजी. सिकंदराबादच्या पारशी घरात त्या वाढल्या. विद्यार्थिदशेत दिल्लीहून घरी परतताना त्यांनी एका रेल्वे स्थानकावर सामाजिक मानसशास्त्राच्या संदर्भग्रंथाचे पाच जाडजूड खंड स्वस्तात मिळाले म्हणून विकत घेतले, आणि घर येईपर्यंत वाचनात बुडून गेल्या. पुढे त्या येल आणि मग हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाल्या. वर्णाची ही चाचणी त्यांनी स्वतः दिली तेव्हा त्यांचीही बोटं अडखळली, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांपैकीही अनेकांचा कल गोऱ्या चेहऱ्यांकडे निघतो. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यातलं सगळंच आपल्या छातीत जातं, आपण कोणत्या बाजूचे आहोत हे हवा विचारत नाही.

चाचणीचा बोलबाला झाला तशा तिच्या मर्यादाही पुढे आल्या. एकाच माणसाचा आजचा निकाल आणि महिन्याने आलेला निकाल नेहमी जुळतोच असं नाही. या आकड्यावरून अमुक एक माणूस उद्या कसा वागेल हे छातीठोक सांगता येत नाही. ताप मोजावा तसा एखाद्याचा पूर्वग्रह मोजून त्याच्या कपाळावर चिकटवायला ती कामाची नाही. मोठ्या समूहाची हवा कुठे वाहते आहे हे मात्र ती बरं दाखवते. अमेरिकेत २००७ ते २०१६ या दहा वर्षांत दिल्या गेलेल्या ४४ लाख चाचण्या बानाजी आणि टेसा चार्ल्सवर्थ यांनी तपासल्या, तेव्हा वर्णाबद्दलचा सुप्त कल १७ टक्क्यांनी उणावलेला दिसला. समलिंगी लोकांबद्दलचा तर ३३ टक्क्यांनी. म्हणजे ही गोष्ट हलते.

पण हलवायची कशी? मानसशास्त्रज्ञ कॅल्विन लाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांतल्या हजारो विद्यार्थ्यांवर नऊ उपाय करून बघितले. कुणाला कृष्णवर्णीय नायक असलेली चित्तथरारक गोष्ट वाचायला दिली, कुणाला आदरणीय कृष्णवर्णीय व्यक्तींचे फोटो दाखवले. लगेच चाचणी घेतली तर नऊच्या नऊ उपाय लागू पडलेले. काही तासांनी किंवा काही दिवसांनी पुन्हा घेतली, तर एकाचाही मागमूस नाही. एका दुपारच्या कार्यशाळेने मन बदलतं या भाबड्या आशेवर हा निकाल पाणी ओततो. जे वर्षानुवर्षांच्या सहवासाने शिकलं ते एका तासात पुसलं जात नाही.

मग सहवासच बदलला तर? मुलांना एका छताखाली आणलं की काम झालं, असं वाटणं स्वाभाविक आहे. इथे मला केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग आठवतो. १९४०च्या दशकात त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर एकसारख्या बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त कातडीच्या आणि केसांच्या रंगाचा. खेळायला कोणती आवडेल ती दे, चांगली कोणती ती दे, वाईट दिसते ती दे, अशा सूचना एकामागून एक. दर तीन मुलांतल्या दोघांनी खेळायला गोरी बाहुली उचलली. शेवटी ‘तुझ्यासारखी दिसते ती दे’ असं म्हटल्यावर काही मुलं रडत खोलीबाहेर पळाली. शाळांमधली वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा तळटिपेत उल्लेख आहे.

या प्रयोगातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. निम्मी-अधिक मुलं दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांतली होती, बाकीची उत्तरेतल्या मिश्र शाळांतली. गोरी बाहुली उचलणाऱ्यांचं प्रमाण मिश्र शाळांत थोडं जास्त होतं. एकाच वर्गात बसून रोज कमीपणा वाट्याला आला, तर जवळ येण्याने जखम भरण्याऐवजी चिघळूही शकते.

१९५४ मध्येच हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी या कोड्याचं उत्तर चार कलमांत मांडलं. दोन गटांतल्या लोकांचा सहवास तेव्हा कामी येतो, जेव्हा तिथे दोघांचा दर्जा सारखा असतो, ध्येय एक असतं, ते गाठायला एकमेकांची मदत घ्यावी लागते आणि वरिष्ठांचा या सगळ्याला उघड पाठिंबा असतो. पुढे ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं, की सहवासाने पूर्वग्रह एरवीही थोडा कमी होतोच, पण ही चार कलमं जुळवून आणली तर परिणाम अधिक पक्का होतो.

ही कलमं वर्गात उतरली ती टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, १९७१ मध्ये. तिथे गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एकत्र बसवलं होतं, आणि शाळांत रोज मारामाऱ्या होत होत्या. तिथल्या विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांना बोलावणं गेलं. हे तेच अ‍ॅरन्सन, ज्यांनी सहसंपादित केलेले पाच खंड पुढे आपल्याकडच्या एका रेल्वे स्थानकावर बानाजींच्या हाती लागणार होते. अ‍ॅरन्सन आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात मागे बसून बघत राहिले. शिक्षकाने प्रश्न विचारला की सहा-सात हात वर. एकाला उत्तर द्यायला सांगितलं की बाकीच्यांचे चेहरे पडलेले. तो चुकला की तेच चेहरे खुललेले. दुसऱ्याची फजिती हाच आपला फायदा, अशी वर्गाची घडणच होती. रंग नंतर आला, आधी ही चुरस होती.

त्यांनी धड्याचे सहा तुकडे केले आणि सहा-सहा मुलांचे मिश्र गट पाडले. प्रत्येकाला एकच तुकडा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. एका गटात पत्रकार जोसेफ पुलित्झर यांचं चरित्र होतं आणि एक तुकडा कार्लोस नावाच्या मेक्सिकन वंशाच्या मुलाकडे होता (हे नाव अ‍ॅरन्सन यांनी बदलून दिलेलं आहे). इंग्रजी त्याची दुसरी भाषा. तो बोलताना अडखळला, आणि बाकीच्या पाच जणांनी सवयीने त्याची टर उडवायला सुरुवात केली. जवळ उभ्या असलेल्या साहाय्यिकेने कुणाला रागावलं नाही, सर्वधर्मसमभावावर व्याख्यान दिलं नाही. हवं तर चिडवत बसा, पण पुलित्झरच्या आयुष्यातला कार्लोसकडे असलेला भाग तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही आणि तासाभराने परीक्षा आहे, एवढीच तिने आठवण करून दिली. हळूहळू मुलांना कळलं, की कार्लोसला नीट प्रश्न विचारले तर तो छान सांगतो. प्रश्न विचारता विचारता त्याची भीड चेपली. काही आठवड्यांत, ज्याला मठ्ठ समजत होते तो हुशार आहे असा शोध गटाला लागला. अशा वर्गांतली मुलं एकमेकांना जास्त पसंत करू लागली, अल्पसंख्य मुलांचे गुण वाढले, आणि गोऱ्या मुलांचे कमी झाले नाहीत. पुढे इतरत्र झालेल्या प्रयोगांत अभ्यासावरचा परिणाम सगळीकडे इतका ठळक दिसलेला नाही. तरी ऑस्टिनने एक गोष्ट उघड केली: मुलांची मनं तीच होती, बदलली होती फक्त कामाची वाटणी.

वर्गापेक्षा जवळचा सहवास वसतिगृहाच्या खोलीचा. तिथे कोण कुणाबरोबर राहणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत असेल, तर संशोधकांना आयता प्रयोग मिळतो. केपटाऊन विद्यापीठात असं झालं. वर्णद्वेषी राजवट संपून जेमतेम दोन दशकं झालेल्या देशात गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एका खोलीत आली. वर्षअखेरीस, कृष्णवर्णीय सोबती मिळालेल्या गोऱ्या मुलांचा सुप्त कल त्याच कळांच्या चाचणीत सौम्य झालेला आढळला, आणि वर्णाची कुंपणं ओलांडणाऱ्या मैत्र्या वाढल्या. मिश्र खोल्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण वाढले, शिक्षण सोडणारे कमी झाले. सोबती हुशार होता म्हणून असं झालं असेल ही शंका संशोधकांनी तपासली, आणि ती खरी निघाली नाही. ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण आपण कुसंगतीसाठी वापरतो. इथे गुण दोन्ही बाजूंनी लागले, आणि चांगले लागले.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मात्र एक सावधगिरीही शिकवली. तिथल्या मिश्र खोल्यांतल्या गोऱ्या मुलांचा कल सौम्य झाला खरा, पण त्याच काळात खोलीतल्या सहजीवनावर ती इतरांपेक्षा कमी खूष होती. म्हणजे मन बदलत असताना ते सुखाचं वाटेलच असं नाही. अवघडलेपण दिसलं की प्रयोग फसला, असं समजून वॉर्डनने पहिल्याच महिन्यात खोल्या बदलून दिल्या असत्या, तर हा बदल कुणाला दिसलाच नसता.

खोलीसोबती म्हटलं की मराठी वाचकाला न्यूयॉर्कचं लिव्हिंग्स्टन हॉल आठवायला हवं. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसवलेला मुलगा इथे दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने राहत होता. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी भथेनांनी पैसेही उसने दिले. आणि १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या याच आंबेडकरांना एका पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या पारशी जमावाने बाहेर काढलं. एकाच समाजातली माणसं. एकीकडे समान दर्जाची खोली, दुसरीकडे जन्माची चौकशी करणारा उंबरठा. ऑलपोर्टची कलमं लिहिली जायला अजून चार दशकं अवकाश होता.

आपल्या काळातला सगळ्यात विलक्षण प्रयोग दिल्लीतला. २००७ मध्ये तिथल्या अनेक खासगी शाळांना गरीब मुलांसाठी राखीव जागा ठेवणं भाग पडलं. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांना दिसलं, की काही शाळांत अभ्यासाचे गट मुलांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडतात. म्हणजे श्रीमंत घरातल्या मुलाच्या गटात गरीब मूल येणार की नाही, हे वर्णमाला ठरवत होती. राव यांनी रिले शर्यत ठेवली. संघात वेगाने पळणारा गरीब मुलगा घ्यायचा, की सावकाश पळणारा आपल्यासारखा? बक्षीस ५० रुपये, २०० किंवा ५०० रुपये. ५० रुपयांसाठी अनेकांनी हरण्याचा धोका पत्करून आपल्यातलाच निवडला. ५०० म्हटल्यावर तसं करणारे फारच थोडे उरले. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं मात्र असा भेदभाव इतरांपेक्षा कमी करत होती, तेही शाळेबाहेरच्या अनोळखी मुलांच्या बाबतीत. शिवाय पैसे वाटून घ्यायच्या खेळांत ती अधिक उदार निघाली.

हे वाचून मी आमच्या प्रयोगशाळेची हजेरी काढून बसले. बॅचेस रोल नंबरने पडतात आणि रोल नंबर प्रवेशाच्या क्रमाने. ईशान्येकडच्या आणि परदेशी मुलांची कागदपत्रं उशिरा पूर्ण होतात, त्यामुळे ती सगळी ओळीने शेवटच्या बॅचमध्ये. कुणाच्याही मनात दुजाभाव नव्हता. कार्यालयातल्या सोयीने वर्षानुवर्षं एक वेगळी बॅच तयार होत होती, आणि मुलं तिला सरळ ‘त्यांची बॅच’ म्हणत होती. आता विभागात आम्ही चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतो. टायट्रेशन करताना एकाने ब्युरेटची कळ सोडायची, दुसऱ्याने फ्लास्क हलवत डोळ्यांत तेल घालून रंगाकडे बघायचं. पोटॅशियम परमँगनेटचा फिकट गुलाबी रंग टिकला की त्याने ‘थांब’ म्हणायचं. एक थेंब जास्त पडला की दोघांचंही रीडिंग गेलं. ऑलपोर्टची पहिली तीन कलमं त्या ओट्यावर आपोआप जमतात, चौथं आम्ही शिक्षकांनी पुरवायचं.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधली टेबलं अजूनही बरीचशी वेगवेगळीच असतात. त्याबद्दल बेव्हर्ली डॅनियल टेटम या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ च्या पुस्तकात समजावून सांगितलं आहे. दिवसभर परक्या नजरा झेलणाऱ्या मुलांना आपल्या भाषेत, आपल्या चवीचं खाताना मिळणारी अर्ध्या तासाची विश्रांती ही त्यांची गरज असते. तिथे जाऊन ‘मिसळा, मिसळा’ म्हणणं म्हणजे मिसळण्याचं सगळं ओझं त्यांच्याच डोक्यावर टाकणं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये हल्ले होणार अशा अफवा उठल्या तेव्हा बंगळुरूपाठोपाठ पुण्यातूनही ईशान्येकडची किती मुलं रातोरात सामान बांधून निघाली, हे या शहराने पाहिलं आहे. २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारींची दखल घ्यायला सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. या आठवणी असलेल्या मुलांना आपलं एक टेबल हवंसं वाटलं, तर नवल नाही. ते टेबल त्यांचं राहू द्यावं आणि प्रयोगशाळेतला ओटा सगळ्यांचा असावा.

दर जून-जुलैमध्ये प्रत्येक शाळेत, महाविद्यालयात, वसतिगृहात कुणीतरी याद्या करतं: बाकांच्या, बॅचच्या, खोल्यांच्या. त्या आद्याक्षराने लावल्या जातात, टक्क्यांनी, प्रवेशाच्या तारखेने, कधी ‘आमच्या मुलाला आमच्यातलाच रूममेट द्या’ अशा पालकांच्या फोनने. वर्षभर कोणत्या मुलाची नजर कोणत्या चेहऱ्यांवर घडणार, हे त्या कागदावर ठरून जातं. पूर्वग्रहावरचं भाषण पंधरा ऑगस्टला करायचं तर जरूर करावं. पण तुमचं मूल जिथे शिकतं तिथे यंदाची यादी कोणत्या क्रमाने लावली, एवढं विचारून बघा. बहुतेक ठिकाणी असं कळेल, की यावर कुणी विचारच केलेला नाही. म्हणजे ती बदलायलाही फारसं काही लागणार नाही.